प्रकाशाने दाब आणि बल मोजणारे छोटे सेन्सर : पट्टीच्या जाडीपासून कॅलिब्रेशनपर्यंत

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सुरू झाले की गोव्यात फोंडा-फर्मागुढीच्या बाजूला ‘ऑप्टिकल फोर्स सेन्सर करायचा आहे, लेझर कुठला घेऊ?’ हा प्रश्न हमखास कानावर येतो. लेझरचा प्रश्न बराच नंतरचा. समोरचा पृष्ठभाग किती सरकला एवढंच प्रकाशाला कळतं. बलाचं किंवा दाबाचं त्या सरकण्यात रूपांतर करते ती पोलादी पट्टी किंवा पातळ पडदा, आणि खरा सेन्सर तोच. तो भाग कच्चा असेल तर पुढचं इलेक्ट्रॉनिक्स कितीही महाग घ्या, आकडे भटकणारच. म्हणून या लेखात यांत्रिक भागाला जास्त जागा दिली आहे.

दोन उदाहरणं सोबत ठेवू. पहिलं, रोबोटच्या बोटाच्या टोकाला बसणारा बलाचा सेन्सर: काजूची बी चिमटीत धरायची, पण चिरडायची नाही. दुसरं, खाजन शेतीच्या मानशीपाशी पाण्याची पातळी सांगणारा दाबाचा सेन्सर. (गोव्याबाहेरच्यांसाठी: खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेती, आणि मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं.) मानशीपाशी प्रकाशाचा मोठा फायदा आहे. खाऱ्या पाण्यात तांब्याची तार आणि सोल्डरिंग फार टिकत नाही. फायबर (प्रकाश वाहून नेणारा बारीक धागा) वापरला तर पाण्यात फक्त प्लास्टिक किंवा काच आणि पोलाद जातं, सर्किट बांधावर कोरडं राहतं. रोबोटच्या बोटात फायदा वेगळा: मोटरच्या विद्युत गोंगाटाचा प्रकाशावर परिणाम होत नाही.

आधी कागदावर

चार गोष्टी लिहून काढल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका: जास्तीत जास्त किती मोजायचं, कमीत कमी किती फरक कळायला हवा, किती वेगाने, आणि तापमान किती बदलणार. बोटासाठी आपण ० ते १० न्यूटन धरू, फरक ०.०५ न्यूटनचा कळावा, सेकंदाला शंभर वाचनं. मानशीसाठी ० ते ३ मीटर पाणी, फरक एका सेंटीमीटरचा, मिनिटाला एक वाचन पुरे. गोव्यात उधाणाची भरती-ओहोटी सुमारे २ मीटरची असते, त्यामुळे ३ मीटरमध्ये पावसाळी पुराला थोडी जागा राहते. खाऱ्या पाण्याचा एक मीटर म्हणजे साधारण १० किलोपास्कल, म्हणजे आपली मर्यादा ३० किलोपास्कल.

प्रकाशाची पद्धत निवडताना

व्यवहारात तीन पद्धती भेटतात. सगळ्यात स्वस्त ती परत येणारा उजेड मोजण्याची: एलईडी पृष्ठभागावर प्रकाश टाकतो, शेजारचा फोटोट्रान्झिस्टर परत आलेला मोजतो. मायक्रॉनच्या (मिमीच्या हजाराव्या भागाच्या) घरातली हालचाल यात वाचता येते. दुसरी फॅब्री-पेरो पोकळी. फायबरचं टोक आणि पडदा यांच्यातल्या फटीत प्रकाशाच्या दोन परावर्तनांचं व्यतिकरण होतं, म्हणजे लाटा एकमेकींना वाढवतात किंवा मारतात, आणि नॅनोमीटरची हालचालही कळते. तिसरी ब्रॅग ग्रेटिंग. फायबरच्या गाभ्यात कोरलेल्या सूक्ष्म पट्ट्या एकच तरंगलांबी परत पाठवतात आणि फायबर ताणला की ती सरकते. १५५० नॅनोमीटरपाशी दहा लाखात एक भाग ताणाला सुमारे १.२ पिकोमीटर, आणि तापमानाच्या एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर. म्हणजे एक अंश सेल्सियसची चढ आठेक भाग ताणासारखी दिसते, आणि शेजारी न ताणलेलं दुसरं ग्रेटिंग ठेवून ती वजा करावी लागते. शस्त्रक्रियेच्या बारीक अवजारांवरचं बल मोजायला हे उत्तम. पण वाचणारं यंत्र महाग असतं, म्हणून विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला मी ते सुचवत नाही.

निवडीचा नियम सोपा आहे. जितकी बारीक हालचाल वाचता येईल तितका पडदा लहान करता येतो. सेन्सर एक-दोन सेंटीमीटरचा चालत असेल तर पहिली पद्धत घ्या. केसाएवढा हवा असेल तरच फॅब्री-पेरोच्या वाटेला जा. हृदयाच्या धमनीत दाब मोजायला सरकवतात ती तार ०.३६ मिमी जाडीची असते. तिथे सेन्सर असाच बारीक लागतो, मानशीपाशी लागत नाही.

बलाचा सेन्सर : पट्टीचं गणित

एका टोकाला धरलेली साधी पट्टी दाबली की तिचं टोक सरकतं आणि तिरकंही होतं, आणि तिरकेपणाने परावर्तन बिघडतं. म्हणून दोन समांतर पट्ट्या घ्या, दोन्हींची दोन्ही टोकं घट्ट: एक टोक पायाला, दुसरं सरकणाऱ्या ठोकळ्याला. ठोकळा मग तिरका न होता सरळ खाली जातो. अशा जोडीचा कडकपणा काढायला यंग गुणांक (पदार्थ किती ताठ आहे ते सांगणारा आकडा), पट्टीची रुंदी आणि जाडीचा घन यांचा गुणाकार दुप्पट करायचा आणि लांबीच्या घनाने भागायचा.

स्प्रिंग स्टीलचा यंग गुणांक २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरा. पट्टी ८ मिमी लांब, ५ मिमी रुंद, ०.२५ मिमी जाड. कडकपणा येतो ६१ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे १० न्यूटनला ठोकळा ०.१६ मिमी सरकेल. आता ताण तपासा: ३ × यंग गुणांक × जाडी × सरक ÷ लांबीचा वर्ग, म्हणजे सुमारे ३८५ मेगापास्कल. कडक केलेलं स्प्रिंग स्टील याच्या दुपटीहून जास्त सहज सोसतं. पुढच्या भागाचं वजन ५ ग्रॅम असेल तर स्वतःची कंपनसंख्या साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास येते, शंभर वाचनांना ती पुरेशी लांब आहे.

०.२५ मिमीचं स्प्रिंग स्टील शोधत फिरायची गरज नाही. गाडीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात फीलर गेज मिळतं, त्यात नेमक्या जाडीच्या पाती असतात आणि जाडी त्यांच्यावर छापलेली असते. पात कापायला लहान कटिंग डिस्क वापरा आणि मधूनमधून पाण्यात बुडवा, कारण कड निळी पडली की तिथला टणकपणा गेला. आपल्या हवेत साधं पोलाद एका पावसाळ्यात गंजतं, म्हणून स्टेनलेस पाती मिळाल्या तर त्याच घ्या, नाहीतर ग्रीसचा पातळ हात द्या.

३डी प्रिंटरवर पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकची पट्टी छापून काम होईल असं वाटतं, पण टाळा. पीएलए सतत ओझ्याखाली हळूहळू वाकत राहतं, आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते तापमान येतं. घर आणि कव्हर पीएलएचं चालेल, स्प्रिंग नाही. सिलिकॉन रबराचंही तेच: दाब वाढताना आणि उतरताना ते वेगवेगळे आकडे देतं. बी निसटू नये म्हणून बोटाला सिलिकॉनचा पातळ थर जरूर लावा. तो स्प्रिंगचं काम करत नसल्याने त्याचा लहरीपणा वाचनात फारसा उतरत नाही.

ठोकळ्याखाली थांबा द्यायला विसरू नका. एम३ स्क्रू असा बसवा की ०.२५ मिमी सरकल्यावर ठोकळा त्यावर टेकेल. ही फट मोजायला त्याच फीलर गेजची पात वापरा. साधारण १५ न्यूटनला ठोकळा टेकतो आणि पट्ट्या वाचतात.

उजेडाची बाजू

क्यूआरई१११३ हा लहान परावर्ती सेन्सर या कामाला योग्य आहे. एलईडी ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, आणि सर्वांत जास्त सिग्नल सुमारे १ मिमी अंतरावर. टीसीआरटी५००० स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा आहे, पण त्याचं शिखर २.५ मिमीवर आणि आकार मोठा, त्यामुळे बोटात तो मावत नाही.

अंतर वाढवत गेलं की सिग्नल आधी चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. शिखराच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा दोन अंतरांसाठी येतो, म्हणून काम पूर्णपणे एकाच उतारावर ठेवायचं. मी बाहेरचा उतार घेतो: विश्रांतीत फट १.६ मिमी, पूर्ण बलाला १.४४, आणि थांब्यामुळे १.३५ च्या आत कधीच नाही. डेटाशीटमधल्या आलेखावर विसंबू नका, स्वतःचा आलेख काढा. एम३ स्क्रूचा आटा ०.५ मिमीचा असतो, म्हणजे पाव फेऱ्याला ०.१२५ मिमी. ठोकळ्याच्या जागी स्क्रूने सरकणारी पांढरी पट्टी लावून आकडे टिपा, तासाभराचं काम आहे. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत नको, मॅट पांढरा हवा. आरसा जरा तिरपा झाला तरी प्रकाश भलतीकडे जातो.

सर्किट छोटं आहे. ५ व्होल्टवर एलईडीला २२० ओहम दिला की सुमारे १७ मिलिअँपिअर जातात. फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० किलोओहमपासून सुरुवात करा आणि सर्वांत जवळच्या अंतरावरही व्होल्टेज शून्याला टेकत नाही याची खात्री करा, टेकत असेल तर रोधक कमी करा. अर्डुइनो उनोचा १० बिटांचा कन्व्हर्टर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) इथे अपुरा आहे आणि ईएसपी३२ चा सरळ रेषेत वागत नाही. १६ बिटांचा एडीएस१११५ घ्या. ४.०९६ व्होल्टच्या पल्ल्यात त्याची एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची. पूर्ण बलाला एक व्होल्ट बदल मिळाला तर ८००० पायऱ्या झाल्या. गोंगाट त्यातल्या बऱ्याच खाईल, तरी ०.०५ न्यूटनसाठी लागणाऱ्या २०० पायऱ्या आरामात उरतात.

बाहेरचा उजेड काढायला प्रत्येक वाचन दोनदा घ्या, एकदा एलईडी पेटवून आणि एकदा विझवून, आणि वजाबाकी करा. पेटवल्यावर अर्धा मिलिसेकंद थांबून मगच वाचा. घरातले दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, म्हणून टेबलावर तपासताना २० मिलिसेकंदांची सरासरी घेतल्यास आकडा शांत होतो. कव्हरच्या बाबतीत एक फसवणूक आहे: डोळ्यांना काळंकुट्ट दिसणारं काही प्लास्टिक इन्फ्रारेडला पारदर्शक असतं. टीव्हीचा रिमोट त्या तुकड्याआड धरून दाबा आणि मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. ठिपका दिसला तर ते प्लास्टिक बाद.

तापमानाकडे मात्र नीट लक्ष द्या. इन्फ्रारेड एलईडीचा उजेड दर अंशाला अर्धा ते एक टक्का उतरतो. पूर्ण बलाने एकूण सिग्नल पाव भागाने बदलत असेल, तर एका अंशाची चढ म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या दोन ते चार टक्के चूक. उपाय एकच आणि खात्रीचा: त्याच घरात दुसरा तसाच सेन्सर न हलणाऱ्या पृष्ठभागाकडे तोंड करून बसवा आणि दोन्ही सिग्नलांचं गुणोत्तर वापरा. दोन्ही एकाच पाकिटातले घ्या.

दाबाचा सेन्सर : पडदा

कड घट्ट धरलेला गोल पडदा दाबाने मधोमध फुगतो, घुमट या वाद्याचं कातडं बोटाने दाबावं तसा. मधली सरक काढायला दाब गुणिले त्रिज्येचा चौथा घात, भागिले यंग गुणांक गुणिले जाडीचा घन, आणि स्टेनलेस स्टीलसाठी या सगळ्याला ०.१७ ने गुणायचं. त्रिज्या दहा टक्के चुकली तर उत्तर ४६ टक्के चुकतं, जाडी दहा टक्के जास्त निघाली तर कडकपणा ३३ टक्के वाढतो. म्हणून पडद्याची जाडी मायक्रोमीटरने स्वतः मोजा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

०.१ मिमी जाडीचा, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा पत्रा घेऊ. ३०४ खाऱ्या पाण्यात टोचल्यासारखा खड्डे पडून गंजतो. त्रिज्या ५ मिमी धरली तर ३० किलोपास्कलला मध्य १७ मायक्रॉन सरकतो. हे सरळ रेषेत आहे, पण उजेड मोजण्याच्या पद्धतीला फार कमी: एका सेंटीमीटर पाण्याला मायक्रॉनचा पंधरावा हिस्साही येत नाही, ६० नॅनोमीटरपेक्षाही कमी. त्रिज्या ८ मिमी केली तर सूत्र १०९ मायक्रॉन सांगतं, प्रत्यक्षात मात्र पडदा ८२ च्या आसपास थांबतो. सरक जाडीइतकी झाली की पडदा नुसता वाकत नाही, ताणलाही जातो आणि कडक होतो, आणि वरचं साधं सूत्र ते धरत नाही. आलेख वाकडा आला तरी मला ८ मिमीच पसंत आहे. वाकडेपणा कॅलिब्रेशनमध्ये (माहीत असलेल्या वजनाशी किंवा दाबाशी वाचनं ताडून घेण्यात) जिरतो, कमकुवत सिग्नल कशातच जिरत नाही. पॉलिइमाइड या प्लास्टिकची फिल्म लावून सेन्सर खूप लहान करता येतो, पण ती पाणी शोषून फुगते. सतत पाण्यात राहणाऱ्या जागी ती नको.

पडद्यामागे १ मिमी जाडीचे तीन प्लास्टिक फायबर: एक उजेड नेणारा, दोन आणणारे, त्यातला एक टोकापासून मिलिमीटरभर मागे. दोन्हींच्या गुणोत्तरामुळे एलईडीची घसरण आणि फायबर वाकल्याने घटणारा उजेड बराचसा रद्द होतो. इथे इन्फ्रारेड वापरू नका. या प्लास्टिकमध्ये ६५० नॅनोमीटरचा लाल उजेड चांगला जातो, ९४० चा फार शोषला जातो. टोकं धारदार ब्लेडने सरळ कापून ६००, १२०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर, ओल्या हाताने, आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासा.

पडद्यामागच्या पोकळीचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक आराखड्यांत राहून जातो आणि तिथेच सेन्सर फसतो. पोकळी बंद केली तर आतली हवा तापून फुगते: दहा अंशांना सुमारे ३.४ किलोपास्कल, म्हणजे ३४ सेंटीमीटर पाणी! शिवाय हवामानाचा दाब एक मिलीबार बदलला की आणखी सेंटीमीटरभर. म्हणून पोकळीतून एक बारीक नळी फायबरसोबत बांधावर आणा आणि ती हवेत उघडी ठेवा. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा दमटपणाने भरलेली असते, तीच नळीतून आत जाऊन थंड पाण्यातल्या पडद्यामागे दव धरते. नळीच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी लावा, रंग बदलणारं जेल घ्या, आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा भरा.

पडद्याच्या बाहेर शेवाळ आणि कालवं बसतात. समोर तांब्याची जाळी लावली तर ती बरीच दूर राहतात. फक्त जाळी आणि स्टेनलेस एकमेकांना लागू देऊ नका, मध्ये नायलॉनची कडी घाला, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत एक झिजत जाईल.

केसाएवढा हवा असेल तर

काचेच्या सिंगल मोड फायबरची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉन. त्याच्या टोकाला ७५ मायक्रॉन भोक असलेली काचेची नळी जोडतात, ती ५० मायक्रॉनवर कापतात आणि तोंडावर काचेचा पडदा बसवतात. पडदा २ मायक्रॉनचा असेल तर ३० किलोपास्कलला तो जेमतेम १९ नॅनोमीटर सरकतो, तरीही ते वाचता येतं. एकाच तरंगलांबीचा लेझर वापरला तर सिग्नल दर अर्ध्या तरंगलांबीला पुन्हा तोच येतो. १५५० साठी एका दिशेने चढणारा पल्ला ३८७ नॅनोमीटरचा, आणि त्याच्या मधोमध उतार सर्वांत तीव्र. पोकळीची लांबी त्या मध्यावर पडेल अशी बसवणं कठीण असतं, म्हणून तरंगलांबी थोडी बदलता येणारा लेझर किंवा विस्तृत वर्णपटाचा उजेड आणि स्पेक्ट्रोमीटर घेतात. ५० मायक्रॉनच्या पोकळीत १५५० पाशी दोन शिखरांमधलं अंतर २४ नॅनोमीटर येतं. त्यावरून पोकळीची लांबी थेट काढता येते.

फायबर जोडायचा फ्यूजन स्प्लायसर प्रयोगशाळेतच असतो असं नाही. घरोघर इंटरनेट जोडणाऱ्या तंत्रज्ञाकडे तो आणि चांगला क्लीव्हर (फायबर सरळ कापणारं हत्यार) दोन्ही असतात, ओळख काढून बघा. पोकळ नळी जोडताना विद्युत ठिणगीची ताकद आणि वेळ बरीच कमी ठेवावी लागते, नाहीतर भोक वितळून मिटतं. फायबरचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीत घुसतात. चष्मा घाला, तुकडे चिकटपट्टीवर गोळा करा, त्या टेबलावर डबा उघडू नका. १५५० चा लेझर दिसत नाही, म्हणून पेटता फायबर कधीही डोळ्यासमोर धरू नका.

कॅलिब्रेशन

बलासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि पाण्याच्या बाटल्या पुरतात. १० न्यूटन म्हणजे १.०२ किलो. वजन चढवत वाचनं घ्या, मग त्याच पायऱ्यांनी उतरवत घ्या. दोन आलेखांमध्ये फट राहिली तर स्क्रू सैल आहे किंवा चिकटवलेला इपॉक्सी पुरता वाळलेला नाही. इपॉक्सीला चोवीस तास द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. पूर्ण वजन ठेवून रात्रभर नोंद चालू ठेवा, आकडा हळूहळू एकाच दिशेने जात असेल तर पट्टी जिथे धरली आहे तो सांधा घसरतो आहे.

दाबासाठी पंप नको. पारदर्शक नळी जिन्याच्या कठड्याला उभी बांधा, खाली सेन्सर, वरून पाणी ओता आणि टेपने उंची मोजा. गोड्या पाण्याचा एक मीटर ९.८ किलोपास्कल. वीस-वीस सेंटीमीटरला एक वाचन, चढतं आणि उतरतं, आणि त्यावर तिसऱ्या घाताची वक्ररेषा बसवा. मग सेन्सर एकदा बर्फाळ आणि एकदा कोमट पाण्यात ठेवून हेच करा, दोन वक्ररेषांमधला फरक म्हणजे तुमची तापमानाची दुरुस्ती.

मानशीपाशी आणखी एक दुरुस्ती लागते. उन्हाळ्यात मांडवी-जुवारीच्या खाडीतलं पाणी जवळपास समुद्राइतकं खारं असतं, घनता गोड्या पाण्याहून अडीच टक्के जास्त, आणि पावसाळ्यात तेच पाणी गोडं होतं. दाब तोच असताना तीन मीटरवर सात सेंटीमीटरची चूक यातून येते. महिन्यातून एकदा बाटलीभर पाणी काढून हायड्रोमीटरने घनता पाहा आणि प्रोग्राममध्ये तो आकडा बदला. त्याच वेळी बांधावरच्या मोजपट्टीशी पातळी ताडून बघा: दोन्हींतला फरक महिन्यागणिक वाढत असेल तर पडद्यावर कालवं बसली आहेत, आणि एकदम उडी मारली असेल तर नळीत पाणी शिरलं आहे.